इंजिनाची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने विमानाच्या इंजिनावर लेख लिहावा, याचे काही मित्रांना नवल वाटेल. परंतु परिव्यय लेखांकनाच्या तासाला प्रमाण खर्च, प्रत्यक्ष खर्च आणि त्यांतील फरक ही तीन पदे शिकत असताना मला पहिली आठवण झाली ती इंजिनाची. इंजिनात किती हवा आली आणि तिच्या मानाने किती पेट्रोल द्यावयाचे, हा शुद्ध हिशेबाचा प्रश्न आहे. पूर्वी तो हिशेब कार्बोरेटर नावाचे भांडे अंदाजाने करीत असे. आता तो आकड्यांच्या तक्त्यावरून होतो. हा तक्ता कसा भरावयाचा, तो चुकला तर काय होते, आणि स्वतः बांधलेल्या विमानात रोटरी इंजिनासाठी तो भरणे इतके अवघड का, हे शास्त्राच्या विद्यार्थ्यांखेरीज इतरांनाही समजेल अशा रीतीने सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम हिशेबाचे मूळ पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो धरले, तर त्याला सुमारे ११ किलो हवा लागेल, म्हणजे जवळजवळ ९,००० लिटर. आपण टाकीत भरतो ते पेट्रोल हा मिश्रणाचा अगदी लहान भाग. खरा माल हवा. ती फुकट मिळते म्हणून कोणी मोजत नाही इतकेच. प्रमाणापेक्षा पेट्रोल जास्त झाले तर मिश्रणाला कारागीर ‘रिच’ म्हणतात, कमी झाले तर ‘लीन’. जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तेव्हा मिश्रण मुद्दाम थोडे रिच ठेवतात. तेव्हा एक किलो पेट्रोलमागे साडेबारा किलोच्या आसपास हवा असते.

आता अडचण अशी, की हवेचे वजन स्थिर नसते. मी आदिलाबादचा आहे. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे आमचा जिल्हा. तेलंगणात असूनही आमच्याकडे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत आणि माझे शिक्षण त्याच शाळेत झाले. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा ७ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात ४४ अंशांवर चढतो. उष्ण हवा विरळ असते. या दोन तापमानांतील फरक हिशेबाने काढला, तर मे महिन्यातील एक लिटर हवा जानेवारीतील एक लिटर हवेपेक्षा सुमारे १२ टक्के हलकी ठरते. माझे मामा आदिलाबादला दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतात. त्यांना हे टक्के ठाऊक नाहीत, पण थंडी पडली की ते कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवतात आणि म्हणतात, “हिवाळ्यात गाडीले चारा जास्त लागते रे बाबू.” काम नीट झाले की नाही हे ते प्लग काढून पाहतात. प्लग काळा व काजळलेला असेल तर मिश्रण रिच, पांढुरका पडला असेल तर लीन, आणि बदामी असेल तर ठीक. ही त्यांची लेखापरीक्षा.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक सर्व नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधन फवारा आला. यात पेट्रोलची नळी दाबाखाली भरलेली असते. तिच्या टोकाला इंजेक्टर नावाची विजेवर उघडणारी सूक्ष्म तोटी असते. तोटी किती वेळ उघडी ठेवावयाची हे एक छोटा नियंत्रक ठरवतो. त्याच्याकडे हवेचा तराजू नसतो. तो सेवननळीतील हवेचा दाब, तिचे तापमान आणि इंजिनाचे फेरे या तीन गोष्टी पाहून आलेल्या हवेचे वजन अनुमानाने काढतो. एखाद्या गोदामाची क्षमता ठाऊक असावी आणि ते किती भरले आहे याचा अंदाज असावा, म्हणजे आतील मालाचे वजन सांगता यावे, तसाच हा प्रकार. गोदाम किती भरते हे मात्र प्रत्येक वेगाला व प्रत्येक दाबाला निराळे असते. म्हणून नियंत्रकाजवळ एक तक्ता दिलेला असतो. आडवे फेरे, उभा दाब, आणि प्रत्येक रकान्यात एक आकडा. तक्ता १६ बाय १६ चा असेल तर रकाने झाले २५६. इंजिनाचे ट्युनिंग म्हणजे हे रकाने बरोबर भरणे. हीच इंजिनाची खतावणी.

आता रोटरी इंजिनाकडे वळू. पहिल्या महायुद्धातील काही विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणत. त्यांत सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत. आपण बोलतो आहोत ते निराळे. हे जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचा पहिला नमुना १९५७ मध्ये चालला. यात वरखाली जाणारा दट्ट्या नाही आणि झडपाही नाहीत. कमरेशी किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर फिरतो. त्याच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामधील जागा आळीपाळीने मोठी व लहान होते. त्यातच हवा घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर टाकणे ही चारही कामे होतात. त्रिकोणाच्या तिन्ही कडांवर पट्ट्या बसविलेल्या असतात. त्या भिंतीला घासत राहून वायू अडवून धरतात. या पट्ट्या हाच या इंजिनाचा प्राण आणि हेच त्याचे दुबळे स्थान. रोटरचा एक फेरा होईपर्यंत दांड्याचे तीन फेरे होतात, म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक स्फोट मिळतो. हलणारे भाग थोडे, कंपन कमी आणि वजनाच्या मानाने शक्ती भरपूर, या गुणांमुळे विमानवेड्यांचे लक्ष त्याकडे गेले.

जपानच्या माझ्दा कंपनीने हे इंजिन मोटारीत टिकविले. १९६७ च्या कॉस्मो मोटारीपासून २०१२ मध्ये उत्पादन थांबलेल्या आरएक्स-८ पर्यंत तिने रोटरी गाड्या विकल्या. त्यांतील दोन रोटरचे १३बी हे इंजिन अमेरिकेतील काही हौशी लोकांनी स्वतः बांधलेल्या विमानांत बसविले. त्या देशात १९५३ मध्ये स्थापन झालेली एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही अशा लोकांची संघटना आहे. तेथील नियमाप्रमाणे विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी केलेले असावे लागते.

आपल्याकडे असे काही घडले आहे काय? घरी बांधलेल्या विमानाचे उदाहरण मुंबईचे आहे. वैमानिक कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या चारकोप भागात आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि बऱ्याच खटपटीनंतर २०१७ मध्ये त्याची अधिकृत नोंदणी झाली. रोटरी इंजिनाचे उदाहरण तर या अंकाच्या मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांना जवळचे आहे. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आणि बंगळूरच्या दोन वैमानिकी संस्था यांनी मिळून ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी देशी वांकेल इंजिन तयार केले. त्याचे वजन सुमारे ३० किलो. २००९ मध्ये कर्नाटकातील कोलार येथे त्याचे उड्डाण यशस्वी झाले. निशांत हे घरी बांधलेले विमान नव्हे, ही गोष्ट खरी. परंतु नगर आणि कोलार यांच्या दरम्यान हे इंजिन एकदा जमिनीवरून आकाशात गेले, एवढे आपल्याला सांगता येते.

आता खतावणीतील खरी मेख. १३बी इंजिनात प्रत्येक रोटरच्या एका कप्प्याचे माप ६५४ घनसेंटिमीटर. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम, तेव्हा कप्पा पूर्ण भरला तर आत पाऊण ग्रॅमहून थोडी अधिक हवा येईल. पूर्ण शक्तीला तिच्यासाठी सुमारे ०.०६३ ग्रॅम पेट्रोल हवे. मिनिटाला ६,००० फेरे म्हणजे सेकंदाला १००. दोन रोटर मिळून सेकंदाला साडेबारा ग्रॅम, आणि तासाला सुमारे ६१ लिटर! (एवढी शक्ती उड्डाण घेताना थोडा वेळच वापरतात, नेहमीच्या प्रवासाला खर्च बराच कमी येतो.)

सेकंदाला १०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला १० मिलिसेकंद. आपल्या साध्या चार-स्ट्रोक इंजिनात सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेतो, म्हणून तोटीला २० मिलिसेकंद मिळतात. रोटरीत प्रत्येक फेऱ्याला मिश्रण लागते, म्हणून निम्माच वेळ हाती असतो. इतक्या थोड्या वेळात पुरेसे पेट्रोल ओतायचे तर तोटी मोठी हवी. पण मोठी तोटी संथ गतीला फार थोडे पेट्रोल अचूक देऊ शकत नाही. हौदाचा नळ लावून अत्तराची कुपी भरण्यासारखे ते होईल. म्हणून रोटरीत प्रत्येक रोटरला दोन तोट्या ठेवतात. पहिली नेहमी चालू, दुसरी शक्ती वाढली की तिला साथ देणारी.

ही दुसरी तोटी ज्या क्षणी सामील होते, तेथे ट्युनिंग करणाराची परीक्षा असते. समजा, एकटी तोटी ८ मिलिसेकंद उघडण्याचा हुकूम घेत होती. परंतु हुकूम मिळाल्यावर ती प्रत्यक्ष उघडायला १ मिलिसेकंद खाते, म्हणून पेट्रोल पडत होते ७ मिलिसेकंदांचे. आता काम दोघींत वाटून प्रत्येकीला ४ मिलिसेकंदांचा हुकूम दिला. प्रत्येकीने आपला १ मिलिसेकंद खाल्ला. उरले तीन अधिक तीन, म्हणजे सहा. कागदावर आठचे आठ दिसतात, प्रत्यक्षात पेट्रोल १४ टक्के कमी झाले! व्यापारात माल एका गाडीऐवजी दोन गाड्यांतून पाठविला, की हमाली दोनदा द्यावी लागते. ती हिशेबात धरली नाही तर तोटा येतो, तसेच हे. खरा हुकूम प्रत्येकीला साडेचार मिलिसेकंदांचा हवा होता. मोटारीत अशा वेळी एक हिसका बसेल आणि चालक कपाळाला आठी घालील. विमान धावपट्टीवर उतरण्यासाठी खाली येत असताना नेमका त्याच ठिकाणी हिसका बसला, तर बाजूला गाडी लावण्याची सोय आकाशात नाही. म्हणून ही सांध्याची जागा उतरताना वापरल्या जाणाऱ्या शक्तीपासून दूर ठेवतात आणि जमिनीवर ती पुनःपुन्हा ओलांडून पाहतात.

तोटीची ही ‘हमाली’ विजेच्या दाबावर अवलंबून असते. जनित्र बंद पडले आणि बॅटरीचा दाब उतरू लागला, की तोटी उघडायला अधिक वेळ घेते आणि मिश्रण आपोआप लीन होते. याकरिता दाबानुसार दुरुस्तीचा स्वतंत्र तक्ता लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असे इंजिन सर्वस्वी विजेवर चालते. पूर्वीच्या विमान-इंजिनांत ठिणगीसाठी मॅग्नेटो असे, त्याला बॅटरी लागत नसे. येथे वीज गेली की पंप, तोटी आणि ठिणगी तिन्ही गेली. म्हणून शहाणा बांधणारा पंप दोन, नियंत्रक दोन आणि विजेचे मार्ग दोन ठेवतो.

तक्ता भरण्याची रीत आता सांगता येईल. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवितात. धुरात ऑक्सिजन किती उरला यावरून मिश्रण रिच होते की लीन हे कळते. रकान्यातील आकडा हे प्रमाण, सेन्सरने दाखविलेले ते प्रत्यक्ष, आणि दोहोंतील फरक तेवढी दुरुस्ती. परिव्यय लेखांकनाच्या पुस्तकात दुसरे काय असते? प्रथम विमानाची शेपटी भक्कम खुंटाला बांधून जमिनीवर इंजिन चालवितात. परंतु जमिनीवर पंख्याच्या ओझ्यामुळे फेरे आणि दाब ठराविक जोडीनेच वाढतात, म्हणून २५६ पैकी एक तिरकस पट्टाच भरून होतो. विमान वर गेल्यावर परिस्थिती बदलते. ८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांश राहतो, आणि तेच फेरे निराळ्याच रकान्यात जाऊन बसतात. हे रकाने उड्डाणातच भरावे लागतात. त्या वेळी विमान चालविणाऱ्याने आकड्यांत डोके घालू नये. त्याने केवळ नोंद घ्यावी आणि दुरुस्ती खाली उतरल्यावर करावी. शेजारच्या दोन रकान्यांत मोठी उडी ठेवू नये, हाही नियम आहे, कारण नियंत्रक नेहमी दोन रकान्यांच्या मधला आकडा काढीत असतो. अमेरिकेत मोटारीचे इंजिन बसविलेल्या अशा विमानाला साधारणतः ४० तास एका ठरावीक भागातच चाचणी-उड्डाणे करावी लागतात.

सेन्सरच्या सांगण्यावरून नियंत्रकाला आपला आकडा आपणच बदलू द्यावा काय? मोटारीत तसे सर्रास करतात. विमानात अनेक जण ते टाळतात. विमानाच्या पेट्रोलमध्ये बरेचदा शिसे असते. ते सेन्सरवर बसते आणि तो खोटे बोलू लागतो. हिशेबतपासनिसाने चूक दाखवावी, पण वहीत स्वतःच्या हाताने खोडाखोड करू नये, हे आपण जाणतोच.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या हिशेबातील दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. मिश्रण थोडे रिच राहिले तर पेट्रोल वाया जाते, प्लग काळे होतात, खिशाला चाट बसते. पूर्ण शक्तीच्या वेळी मिश्रण लीन झाले तर आतील ज्वलन बेताल होऊन हातोड्यासारखे ठोके बसतात, आणि रोटरीत ते ठोके त्या कडांच्या पट्ट्या फोडतात. कमी शक्तीच्या संथ प्रवासात मात्र रोटरी इंजिन लीन मिश्रण आनंदाने सोसते, कारण जळून जाण्यास झडपाच नाहीत. म्हणजे एकच आकडा एका रकान्यात काटकसर आणि दुसऱ्यात आत्मघात ठरतो. आपल्या लेखाशास्त्रात सावधगिरीचे तत्त्व आहे: अपेक्षित नफा जमेस धरू नये, संभाव्य तोट्याची तरतूद आधी करावी. उड्डाणाच्या रकान्यांत हेच तत्त्व पाळून पेट्रोल जास्तीचे ठेवावे, आणि बचत करायची ती प्रवासाच्या रकान्यांत करावी.

या खतावणीला पेट्रोलमधील बदलही सोडत नाही. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉलला जळण्यास हवा कमी लागते, एका किलोला सुमारे ९ किलो. त्यामुळे या मिश्र इंधनाचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते. जुना तक्ता किंवा जुना जेट तसाच ठेवला, तर इंजिन आठ-नऊ टक्के लीन चालेल. हे आमच्या आदिलाबादच्या कापूसबाजारात पोती वाहणाऱ्या जुन्या मोटारसायकललाही लागू आहे. विमानात याहून अधिक काळजी हवी, कारण इथेनॉल पाणी शोषते आणि काही प्रकारच्या रबराच्या नळ्यांना व रेझिनच्या टाक्यांना ते मानवत नाही.

एवढा खटाटोप कोणी का करावा, असा प्रश्न वाचक विचारतील. माझ्या समजुतीप्रमाणे येथे वही कोणाच्या हाती असावी हा प्रश्न आहे. नव्या दुचाकीची वही कंपनीने बंद करून दिलेली असते. गावोगावच्या कारागिराला तिच्यातील दोष-क्रमांक वाचता येतो, आकडा पाहता येत नाही. रस्त्यावरील धूर कमी व्हावा म्हणून हा बंदोबस्त आहे आणि त्याचा लाभ सर्वांनाच होतो. पण त्यामुळे ज्या माणसाला कानाने इंजिन समजत होते, तो आता केवळ भाग बदलणारा होत चालला आहे. स्वतः विमान बांधणाऱ्याची वही उघडी असते. प्रत्येक आकडा त्याचा, आणि त्या आकड्यावर बसून उडावयाचेही त्यानेच. एवढे स्वातंत्र्य मिळते ते एवढ्या जबाबदारीसकट. या दोन टोकांच्या मध्ये आपल्यासारख्यांना पुष्कळ जागा आहे. वही लिहिता आली नाही तरी ती वाचता यावी, आणि ती मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगणारे कोणी असावे, म्हणजे गॅरेजमधील पोरालाही आपल्या हाताखाली काय चालले आहे ते कळेल.

आमच्या आदिलाबादला निजामाच्या काळातील एक धावपट्टी आहे. तेथे घरी बांधलेले विमान केव्हा उतरेल हे सांगण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु एक प्रयोग विनाखर्च करता येण्याजोगा आहे, आणि आपल्या विज्ञान मंडळाने व वाणिज्य मंडळाने तो मिळून करावा, अशी माझी सूचना आहे. कार्बोरेटरची एक आणि इंधन फवाऱ्याची एक, अशा दोन दुचाकी निवडाव्यात. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत दर वेळी टाकी भरताना तापमान, पेट्रोल आणि तोडलेले किलोमीटर यांची नोंद ठेवावी, आणि महिन्यातून एकदा प्लगचा रंग पाहावा. थंडीतील आणि उन्हाळ्यातील आकडे शेजारी-शेजारी मांडले, की कोणत्या गाडीने ऋतू ओळखून हिशेब केला आणि कोणती एकाच स्क्रूवर चालत राहिली, हे कोणालाही वाचता येईल. पुढील अंकात तो तक्ता छापण्यास संपादक जागा देतील, अशी आशा आहे.